कट्ट्यावरचं मतदान आणि ऐरोलीतला मुलगा

प्रश्न

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय ६६, बँकेतून निवृत्त. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला वादविवाद असतो. या वेळचा विषय आहे, 'समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, यावर देशात सार्वमत घ्यावं.' दोन्ही बाजूंनी तीन-तीन वक्ते बोलणार आणि शेवटी हजर असलेल्यांनी चिठ्ठ्या टाकून 'द्यावी' की 'देऊ नये' हे ठरवायचं. म्हणजे संघापुरतं सार्वमतच. सेक्रेटरींनी मला न विचारता माझं नाव 'देऊ नये'च्या बाजूला घातलं. संस्कृती, कुटुंब अशा विषयांवर मी ठाम बोलते असा माझा लौकिक आहे. व्हॉट्सॲपवर यादी फिरली, वर अंगठे आले.

आमचा मुलगा ३४ वर्षांचा आहे. सहा वर्षं ऐरोलीला एका मित्राबरोबर राहतो. हा मित्रच आपला जोडीदार आहे, असं त्याने आम्हाला तीन वर्षांपूर्वी सांगितलं. आमच्या चौघांच्या बाहेर हे कुणाला माहीत नाही. माझ्या नणंदबाई अजून स्थळं आणतात. यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेत, ते या विषयावर बोलतच नाहीत. आता म्हणतात, 'बीपीचं कारण सांग आणि घरी बस.' वर हेही म्हणतात, की लोकशाही आहे, बहुसंख्य लोकांना हवं ते ठरू दे. मुलगी पुण्याहून सांगते, 'उभी राहा आणि सगळ्यांसमोर सांगून टाक, आयर्लंडमध्ये आयांनी असंच केलं म्हणून तिथे जिंकले.'

माझंच मन मला कळत नाही. मुलगा सुखात असावा एवढं नक्की. पण दोन मुलगे मांडवात उभे आहेत हे चित्र डोळ्यांपुढे आणते आणि तिथेच अडते. मी बोलू का? कुठल्या बाजूने? आणि चिठ्ठीवर काय लिहू?

- एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

पहिलं काम आजच उरका. सेक्रेटरींना फोन करा आणि 'देऊ नये'च्या यादीतून नाव काढायला सांगा. ग्रुपवर लिहू नका, तिथे कारण विचारणारे दहा जण निघतील. बीपी, गुडघे, पाहुणे यातलं काहीही पुढे करू नका. 'मला न विचारता नाव घातलंत, आणि ती बाजू माझी नाही,' एवढं पुरे. ते म्हणतील, अहो, हा नुसता वादविवाद आहे, चांगल्या वक्त्याला दोन्ही बाजूंनी बोलता आलं पाहिजे. कॉलेजच्या स्पर्धेत हे खरं. इथे शेवटी मोजणी आहे, आणि ती तुमच्या मुलाच्या घराची. तुमचं भाषण रंगलं, कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि फिरत फिरत ऐरोलीला पोचलं, तर 'ती बाजू वादविवादापुरती होती' हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही चांगलं बोलता असं तुम्हीच लिहिलंय. धोका त्यातच आहे.

बीपीचं कारण नको असं मी म्हणाले, कारण खोट्या आजारपणाची चौकशी करायला माणसं घरी येतात. शिवाय मुलाचा विषय निघाला की आईला आजारी पडावं लागतं, असा त्याचा अर्थ निदान तुमच्या घरात तरी निघेलच.

आता मुलीचं म्हणणं. तिची तळमळ खरी आहे, पण आयर्लंडची गोष्ट तिने अर्धीच सांगितली. २२ मे २०१५ ला तिथे मतदान झालं आणि ६२ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. देशभरच्या सार्वमतातून समलिंगी विवाह मान्य करणारा तो पहिला देश. त्या प्रचारात घराघरातल्या गोष्टींनी मोठं काम केलं, हेही खरं. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्या आपल्या समलिंगी मुलाबद्दल जाहीरपणे बोलल्या. पण तो मुलगाही तेव्हा स्वतःच्या तोंडाने लोकांसमोर बोलत होता. त्याच्या पाठीमागे आईने परस्पर काही उघड केलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. दिवस त्यांनी निवडला, जागा त्यांनी निवडली, शब्द त्यांचे. हे वराडकर म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडचे, वडील इथून तिकडे गेलेले डॉक्टर. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे कोण कौतुक झालं होतं! मराठी माणूस, मालवणी माणूस, कोकणचा सुपुत्र. तुमच्या संघात सिंधुदुर्गातली मंडळी असणारच. त्यांना विचारून बघा, वराडकर आपले की नाही? ठासून 'आपले' म्हणतील. मग आपल्या त्या माणसाच्या जोडीदाराचं काय, एवढं विचारून खाली बसा. हा मुद्दा सभेत खुशाल वापरा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या मुलाची गोष्ट सांगायला मात्र लागते. आणि ती एकट्या त्याची नाही. तुम्ही माइकवर एक वाक्य बोललात की त्या दुसऱ्या मुलाचंही सगळं उघड झालं. त्याच्या आईवडिलांना ठाऊक आहे का? त्याच्या ऑफिसात? घरमालकाने 'दोन मित्र' म्हणून जागा दिली असेल, तर पुढच्या वेळी करार नवा करताना तो काय म्हणेल? ठाणे-ऐरोलीत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो, नणंदबाईंना तर त्याच संध्याकाळी फोन जाईल. सभागृहात तुमच्या धैर्याला टाळ्या पडतील, आणि निस्तरायला लागेल त्या दोघांना.

म्हणून सभेच्या आधी ऐरोलीला जा. ट्रान्सहार्बरने दुसरं स्टेशन आहे, दिघा गाव गेलं की ऐरोली. गेल्या तीन वर्षांत तुम्ही त्या घरी किती वेळा जेवलात हे पत्रात नाही, आणि ते नाही हेच मला जास्त बोलकं वाटलं. जाताना फोन करून जा, दोघं असतील अशा वेळी जा, आणि जे विचारायचं ते दोघांसमोर विचारा. 'आमच्या संघात हा विषय ठेवलाय. माझं नाव विरुद्ध बाजूला होतं, मी काढून घेतलं. मी बोलावं असं तुम्हाला वाटतं का? तुमची गोष्ट सांगून, न सांगता, की अजिबातच नको?' नको म्हणाला तर विषय तिथे संपला, त्याला गळ घालू नका. तो चिडेलही. आपण कसं राहायचं यावर आईच्या मैत्रिणी चिठ्ठ्या टाकणार, हे ऐकून कोण खूश होईल? चिडू द्या. तेही ऐकून घ्यायलाच तुम्ही गेलेल्या असाल.

यजमानांचं वाक्य मात्र सहज बाजूला ठेवण्यासारखं नाही. बहुमताने ठरू दे, हे ऐकायला किती सरळ वाटतं! त्यातला साधा तांत्रिक भाग आधी. आपल्या संविधानात देशभर सार्वमत घेण्याची तरतूदच नाही. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय, त्यावर कायदे करायचे ते संसदेने किंवा विधिमंडळाने. त्यामुळे तुमच्या संघाचा विषय मुळात हवेतला आहे.

पण आपल्याला सार्वमताची ओळख आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित ठेवण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. तेव्हा इकडे महाराष्ट्रात किती लोक जीव टाकून बसले होते, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. गोवा आपला, भाषा आपली, देव आपले. पण ठाण्यातल्या एकाही माणसाला मतपत्रिका मिळाली नाही, आणि कुणाला त्यात अन्यायही वाटला नाही. निकाल गोव्याला भोगायचा होता, म्हणून मत गोव्याने दिलं.

हाच न्याय तुमच्या सभागृहाला लावून बघा. जमलेल्या बहुतेकांची लग्नं होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. चिठ्ठ्यांचा निकाल कसाही लागो, त्यांचा फ्लॅट, पेन्शन, मंगळसूत्र, श्राद्धाचा अधिकार, कशाकशाला धक्का लागत नाही. ज्यांच्या आयुष्यात फरक पडणार ते दोघं त्या वेळी ऐरोलीत कपडे वाळत घालत असतील, आणि त्यांना चिठ्ठीही नाही. यजमान याला लोकशाही म्हणतात. मी शेजाऱ्याच्या घराचा नकाशा सोसायटीच्या सभेत मंजूर करणं म्हणेन.

मग आयर्लंडने सार्वमत का घेतलं? कारण तिथे लोकांना विचारल्याशिवाय राज्यघटनेत बदलच करता येत नाही. आणि विचारण्याआधी त्यांनी एक काम केलं, ते आपण लक्षात घ्यावं असं आहे. शंभर जणांचं एक घटना-संमेलन बसवलं. त्यात ६६ सामान्य नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. त्यांनी दोन्ही बाजूंच्या जाणकारांना आणि लोकांना ऐकलं आणि एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्क्यांनी शिफारस केली. देश मतदानाला गेला तो त्यानंतर दोन वर्षांनी. एवढं करूनही प्रचारात भलतंच शिरलं. विरोधकांच्या पोस्टरांवर सरोगसी आली, आईविना मुलं आली, आणि या मतदानाचा सरोगसीशी संबंध नाही असा खुलासा सार्वमत आयोगाच्या अध्यक्षांना करावा लागला. तुमच्या कट्ट्यावरही गाडी याच स्टेशनात शिरेल. 'मुलांचं काय' असं कुणी म्हणालं, तर दत्तक आणि सरोगसीचे कायदे वेगळे आहेत आणि आज विषय तो नाही, एवढंच सांगा. त्यात अडकू नका.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला जास्त बोचतं. २०१७ मध्ये त्यांनी घरोघर टपालाने प्रश्नपत्रिका पाठवून जनमत चाचणी घेतली. ६१.६ टक्के लोक बाजूने उभे राहिले, डिसेंबरात कायदा झाला. गोड शेवट. पण मधल्या आठवड्यांत लोक एकमेकांबद्दल काय काय बोलतील या धास्तीने सरकारला द्वेषपूर्ण प्रचार रोखणारा तात्पुरता कायदा करावा लागला, आणि मदतवाहिन्यांवर फोन वाढल्याचं तिथल्या संस्थांनी सांगितलं. आपल्या शेजारच्या घराने आपल्याबद्दल 'नाही'वर खूण केली असेल का, हा विचार करत रोज जिना चढायचा. जिंकूनही ते आठवडे कुणी परत देत नाही.

आणि हरले तिथे? तैवानमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी विरोधात कौल दिला. पण न्यायालयाचा निकाल आधीच मान्यतेच्या बाजूने होता, त्यामुळे मे २०१९ मध्ये तिथल्या संसदेने वेगळा कायदा करून मान्यता दिली. स्लोव्हेनियात संसदेने केलेला कायदा डिसेंबर २०१५ च्या सार्वमताने पाडला, आणि २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे लोकांनी एकदा मोजून सांगितलं की प्रश्न मिटला, असंही होत नाही. मधली वर्षं तेवढी जातात.

बहुसंख्यांना काय हवं, याबद्दल आपण किती खात्रीने बोलतो त्याचाही एक नमुना सांगते. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याकडचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना बार काउन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला, की देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात आहेत. वकिलांच्या सर्वोच्च संस्थेचा ठराव हा! त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत भारतातल्या ५३ टक्के लोकांनी मान्यतेच्या बाजूने उत्तर दिलं, ४३ टक्क्यांनी विरोधात. पाहण्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. पण हजारात नऊशे नव्व्याण्णव आपल्यासारखेच, हे सभेत कुणी ठोकून दिलं तर ५३ चा आकडा तुमच्या हाताशी असू द्या.

यजमानांचं एका बाबतीत खरं आहे, तेही सांगायला हवं. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने म्हटलं, की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्याचे शब्द न्यायालय बदलणार नाही. विवाहाऐवजी अशा जोडप्यांच्या नात्याला निदान वेगळी कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असं फुटलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यामुळे आता हे काम लोकप्रतिनिधींच्या हाती आहे. पण संसदेत विधेयक मांडावं लागतं, मसुदा लिहावा लागतो, समितीपुढे लोक येऊन आपलं म्हणणं मांडू शकतात, आणि कायदा चुकला तर न्यायालय आहे. बिस्किटाच्या डब्यात टाकलेल्या चिठ्ठीला यातलं काहीच नाही.

आता मांडव. तो डोळ्यांपुढे येत नाही म्हणून स्वतःला अपराधी समजू नका. आपण लहानपणापासून जी लग्नं पाहिली ती एकाच तऱ्हेची, चित्र आणणार कुठून? पण कोर्टात मांडव मागितला नव्हता. सुनावणी झाली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर. त्यात अंतरपाट नाही, सप्तपदी नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यापुढे सह्या. मांडवाचं चित्र उद्या येईल, कदाचित कधीच येणार नाही. त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते कागदावर, आणि कागद वाचण्यात तुमचं आयुष्य गेलंय, म्हणून तुमच्याशी त्याच भाषेत बोलते.

अभद्र बोलते आहे, पण बोलायला हवं. तुमचा मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याचं सगळं कुणाकडे जाईल? तो अविवाहित, मूल नाही. मग वारसांच्या पहिल्या वर्गात उरते ती आई. एकट्या तुम्ही. यजमानसुद्धा नाहीत, वडील दुसऱ्या वर्गात येतात. आणि ज्याच्याबरोबर त्याने सहा वर्षं भाडं, वीजबिल, आजारपणं वाटून घेतली, तो मुलगा कुठल्याच वर्गात नाही. ऐरोलीतल्या घरातला फ्रिज कुणाचा, खात्यातले पैसे कुणाचे, हे विचारायला बँकेचा माणूस तुमच्याकडे येईल. त्या दिवशी तुम्ही भल्या वागाल याची मला खात्री आहे. पण त्या मुलाचं छप्पर तुमच्या भलेपणावर टांगलेलं असावं का? विवाहाची मान्यता म्हणजे मुख्यतः हे टांगलेपण संपवणं. बाकी वाजंत्री.

२०२४ मध्ये केंद्राने काही खुलासे केले. समलिंगी जोडप्याला जॉइंट अकाउंट उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी ते एकाच घरातले धरावेत. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं राज्यांना कळवलं. वाचून हसावं की रडावं कळत नाही. पार्थिवावर हक्क मिळाला, पण अतिदक्षता विभागाच्या दारात 'आपण कोण' या प्रश्नाला उत्तर अजून नाही.

आणि इथेच तुमच्या 'मी बोलू का'चं उत्तर आहे. मुलाचं नाव न घेता, घरातलं काही न सांगता तुम्ही बोलू शकता. तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईने काउंटरवर वारसांची भांडणं पाहिलेली असतात. खातं एकाचं, सेवा केली दुसऱ्याने, दावा सांगायला आला तिसराच. तेच सांगा, तुमच्या बँकेतल्या अनुभवातून, ग्राहकांची नावं वगळून. मग विचारा, की दोन माणसं जन्मभर एकमेकांना सांभाळत असतील तर कायद्याने त्यांना काय म्हणावं? 'द्यावी'च्या बाजूचा चौथा वक्ता म्हणून वेळ मिळाला तर उत्तम, नाही तर सभेतून तीन मिनिटं मागा. तुम्ही एरवी ज्या बाजूने बोलता ते लोकांना माहीत आहे, म्हणून तुमच्या तीन मिनिटांचं वजन जास्त पडेल.

कुणीतरी म्हणेलच, ही सगळी मोबाइलनंतरची पाश्चात्त्य फॅडं. त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण द्या. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं देत होते. त्यात समलिंगी संबंधांबद्दलही विचारणा असे. अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. तेव्हा मोबाइल सोडा, बहुतेक मराठी घरांत रेडिओही नव्हता. माझ्यासारख्या सदरवाल्यांचा धंदा त्या माणसाने दंड भरून सुरू केलाय. आणि 'हा आजार आहे, उपचार करा' असं कुणी म्हणालं तर तिथे मात्र गप्प बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

सेक्रेटरींना आणखी एक सुचवून बघा. वादविवाद होऊ द्या, चिठ्ठ्या तेवढ्या काढून टाका, आणि त्या वेळात एखाद्या वकिलांना वारसा आणि मृत्युपत्रावर बोलायला बोलवा. संघातल्या विधवा, विधुर, एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांनाच ते उपयोगी आहे. मोजणी नसेल तर कार्यक्रमात गंमत काय, असं ते म्हणाले, तर ते तुमच्याशी मनमोकळं बोलले असं समजा. चिठ्ठी टाकायची वेळ आलीच, तर मी 'द्यावी' लिहिलं असतं. तुम्ही आधी ऐरोलीला जाऊन या.

त्या सभागृहात अशी आई तुम्ही एकट्याच असाल हे मला खरं वाटत नाही. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, २०१७ पासून. त्यातल्या चारशेहून जास्त आईवडिलांनी २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी विवाहाचा हक्क मागितला होता. तुमच्या वयाच्या बायका तिथे भेटतील, त्यांच्याशी बोला. मुलगी पुण्यात आहे, तर तिला समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणारे बिंदुमाधव खिरे यांच्या कामाची माहिती काढायला सांगा. मराठीतून बोलणारं, लिहिणारं कुणीतरी हवं असतं अशा वेळी.

नणंदबाईंना 'त्याच्यासाठी स्थळं आणू नका, त्याचं तो बघेल' एवढंच सांगा. दर वेळी तेच वाक्य, तोच सूर. त्यांना कारण देणं तुम्ही लागत नाही.

राहिले यजमान. त्यांना समोर बसवून 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारू नका. तीन वर्षं जे बोलले नाहीत ते एका रात्रीत बोलणार नाहीत. त्यांना काम द्या. मुलगा हो म्हणाला तर त्याच्या पॉलिसीचे, बँकेचे, म्युच्युअल फंडाचे कागद त्यांच्यापुढे ठेवा. विम्यातल्या माणसाला पहिल्याच पानावर अडचण दिसेल. विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांच्या हक्काचा होतो. जोडीदाराचं नाव घातलं तर तो पैसे घेईल, पण वारस उद्या दावा सांगू शकतील. यावर उपाय मृत्युपत्र. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. त्याच बैठकीत वैद्यकीय निर्णय कुणी घ्यायचे त्याचं पत्रही नोटरीकडून करून घ्या. मसुदा यजमानच लिहितील, दुसऱ्याचा मसुदा त्यांना पसंत पडणार नाही असा माझा कयास आहे. त्यात त्या मुलाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, चार-पाच ठिकाणी लिहावं लागेल. आधार कार्डावर आहे तसंच लिहा म्हणावं.